सकाळचं दूध

सकाळी सव्वासहाला रोहिणीची किटली खडकवस्तीच्या डेअरीत काट्यावर चढली की सचिव गोरक्षनाथ आधी काट्याकडे बघायचा, मग रोहिणीकडे, आणि प्रश्न जणू आजच सुचल्यासारखा विचारायचा, "वहिनी, सकाळचं दूध जातंय कुठं?"

मागच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांचं ठरून गेलेलं होतं की रोहिणी सकाळचं निम्मं दूध खासगी गाडीवाल्याला घालते. आणि खोटं कशाला बोला, संशय घेण्यासारखं होतंच. कोणतीही धड गाय सकाळी जास्त दूध देते. रात्रभर निवांत बसते, रवंथ करते, कास भरून येते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रोहिणीची मैना सकाळी साडेचार लिटर द्यायची आणि संध्याकाळी आठ. सभासदानं सगळं दूध डेअरीलाच घालायचं असा नियम, आणि गोरक्षनाथ नियमाला असा चिकटून बसलेला की गोचीड बरी. सहा महिने तो तेच विचारत होता.

रोहिणी सहा महिने तेच सांगत होती. "भाऊजी, सकाळी हातच चालत न्हाईत माजे."

"आन् संध्याकाळी चालत्यात?"

"व्हय."

"असं कुठं दुखनं असतंय व्हय?" गोरक्षनाथ स्लिप फाडून तिच्या हातात द्यायचा. ती पातळ कागदाची स्लिपही तिला चिमटीत धड धरता यायची नाही. मग तो ती किटलीच्या झाकणाखाली खोचून द्यायचा, आणि तेवढ्यापुरता त्याचा आवाज जरा नरम व्हायचा.

खरं होतं ते एवढंच. अडतीस वर्षांची, हाडापेरानं दणकट अशी ही बाई पहाटे पाचला उठायची तेव्हा तिची बोटं तिची नसायची. दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजून गरम झालेली, डाव्या हाताला जे तेच उजव्या हाताला. मूठ मिटायची नाही. मूठच मिटत नाही तर धार कशी काढायची? ती अंगठा आणि दोन बोटांत सड धरून ओढत बसायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि मैना दहा मिनिटांनी कंटाळून पान्हा चोरायची. आठ-साडेआठला बोटं हळूहळू सुटायची. तोवर डेअरीचं शटर खाली आलेलं असायचं. आणि एकदा पान्हा चोरला की मैनाही दिवसा तो पुन्हा सोडायची नाही. कासेत राहिलेलं दूध मग संध्याकाळी निघायचं, म्हणून संध्याकाळचा आकडा मोठा.

हे दुखणं सुरू झालं तेव्हा ती तालुक्याच्या एका दवाखान्यात गेली होती. त्यांनी रक्त तपासलं, संधिवाताची टेस्ट निगेटिव्ह आली. "रिपोर्ट क्लिअर आहे. संधिवात नाही. कामानं झीज होते, हाताला आराम द्या," एवढं ऐकून ती घरी आली. आणि त्या दिवसापासून तिच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवायचं कारणच उरलं नाही. रिपोर्टच क्लिअर म्हटल्यावर उरलं काय? आळस, नाहीतर चोरी.

आराम म्हणाल तर तोही तिनं करून बघितला. मैना व्यायच्या आधी एकदा माहेरी जाऊन आठ दिवस हात मांडीवर ठेवून बसली. नवव्या दिवशी तिला वेणीसुद्धा घालता येईना.

घरात दुखण्याचं ज्ञान फक्त एका माणसाला होतं, ते म्हणजे सासूबाई कडूबाई. पासष्टीच्या कडूबाईचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यामुळे सांधा हा विषय निघाला की तिच्यापुढे कोणी बोलायचं नाही असा तिचा दंडक. "तुला बी माजंच झालंय, रोहिने. माज्या पायात, तुज्या हातात. एकच जात हाय." असं म्हणून ती आपल्या गोळीचे दोन तुकडे करायची, अर्धा सुनेला द्यायची. प्रेमानंच द्यायची. तिच्या तेलाचा, तिच्या तापवलेल्या विटेचा आणि तिच्या गोळ्यांचा अर्धा वाटा सुनेचा होता. त्या अर्ध्या गोळीनं रोहिणीच्या पोटात तेवढी आग पडायची, बोटं होती तिथंच.

नवरा कानिफनाथ वाईट माणूस नव्हता, पण तो घरात असायचा कधी? गावची झेंडूची फुलं टेम्पोत भरून तो पहाटे तीनला शिर्डीला निघायचा, परत यायला दुपार. पहाटेच्या धारेला घरात दुसरा हात नव्हता. आणि असता तरी मैनेनं तो चालू दिला नसता. कानिफनाथ एकदा बादली घेऊन बसला तर तिनं बादलीसकट त्याला उकिरड्यापर्यंत पोचवला होता. शेजाऱ्याचं दूध काढायचं मशीन आणून बघितलं, त्याच्या घरघरीनं तिनं दावं तोडलं. मैना रोहिणीची होती. माहेराहून कालवड म्हणून आलेली, रोहिणीच्या हातचं खाऊन वाढलेली. तिच्यानंतर ती ओळखायची ती एकट्या कडूबाईला.

कासेत दूध तुंबायला लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. मैनेला दगडी झाली. कास दगडासारखी टणक, अंगात ताप. डॉक्टरनं इंजेक्शनं देऊन वाचवली. दोन महिन्यांनी पुन्हा झाली. तेव्हा मात्र कानिफनाथ ओसरीवर बसून तिच्याकडे न बघता बोलला, "घोडेगावच्या सुनील व्यापाऱ्याला सांगितलंय म्या. दिवाळी झाली की येतोय बघायला. तुजं हात चालत न्हाईत, जनावराचं हाल का करायचं?"

जनावराचे हाल होत होते हे तर तिलाच सगळ्यांत जास्त दिसत होतं. ती गोठ्यात गेली, मैनेच्या मानेला मान लावून उभी राहिली, आणि पोटभर रडली.

पोळा झाला त्या आठवड्यात कडूबाईला गुडघ्यांसाठी नगरला न्यायचं निघालं. संधिवाताच्या मोठ्या डॉक्टरीण आहेत, प्रार्थना साळवे नावाच्या, असं कोणीतरी सांगितलेलं. सोबतीला रोहिणी. निघायच्या दिवशीही गोरक्षनाथनं तोच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. घरी येऊन तिनं पत्र्याच्या डब्यातल्या सहा महिन्यांच्या सगळ्या स्लिपा बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत कोंबल्या. परत येताना डेअरीत जायचं आणि एकेक स्लिप त्याच्या टेबलावर आपटायची, असा तिचा बेत होता. आपटून सिद्ध काय करणार, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांनी कडूबाईचे गुडघे दाबले, वाकवले, एक्स-रे दिव्यासमोर धरला. "आजी, सकाळी उठल्यावर गुडघे किती वेळ आखडलेले असतात?"

"पाच-धा मिन्टं. चार पावलं टाकली की सुटत्यात. पन दिसभर चाललं की संध्याकाळी बोंब. बसलं की बरं वाटतंय."

"ही झीज आहे. दाराची बिजागरी वापरून वापरून झिजते ना, तसं गुडघ्यातलं कूर्चेचं अस्तर झिजलंय. मांडीचा व्यायाम देते. खाली उकिडवं बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं."

"बरं बाई. आन् ह्याच चिठ्ठीत सुनंचं बी लिहा. तिला बी हेच हाय. माजी अर्धी गोळी देती मी तिला."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. त्यांनी रोहिणीकडे बघितलं. सकाळचे साडेआठ वाजलेले. पिशवी तिनं हातात नाही, कोपरात अडकवलेली होती. "ताई, हात बघू."

त्यांनी बोटांची मुळं एकेक करून हलकेच दाबली. रोहिणीनं ओठ दाबून धरले.

"रिपोर्ट क्लिअर हाय माजा," ती आधीच बोलून मोकळी झाली. लोकांनी म्हणण्याआधी आपणच म्हटलेलं बरं, अशी तिला सवय लागली होती.

"रिपोर्ट नंतर बघू. मला एक सांगा. जास्त त्रास कधी असतो? सकाळी की संध्याकाळी?"

प्रश्न साधाच होता. पण सहा महिने हेच तर रोहिणी ओरडून सांगत होती, आणि हे कोणी विचारतसुद्धा असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं कोपरातली पिशवी टेबलावर उपडी केली. स्लिपांचा ढीग पडला, चार-दोन खाली उडाल्या.

"माज्या तोंडाचं नका ऐकू, बाई. कुनीच ऐकत न्हाई. हे बघा. हे सकाळचं, हे संध्याकाळचं. साडेचार, आठ. चार, साडेआठ. सहा म्हैने रोज. गाय तीच, हात तेच. सकाळी मूठ मिटत न्हाई म्हनून दूध कासंत ऱ्हातंय. लोक म्हनत्यात मी चोरते."

डॉक्टरीणबाईंनी एक स्लिप उचलली, दुसरी उचलली, चष्मा वर सरकवला. मग त्यांनी सकाळच्या एका बाजूला आणि संध्याकाळच्या एका बाजूला अशा दहा-बारा स्लिपा मांडल्या आणि चक्क हसल्या. "माझी आजी राहुरीजवळ चार गाई सांभाळायची. सकाळचं दूध संध्याकाळपेक्षा कमी, असं मी जन्मात बघितलं नाही. ताई, इतका पक्का पुरावा घेऊन माझ्याकडे आजवर कोणी पेशंट आलेला नाही."

मग त्यांनी कडूबाईलाही ऐकू जाईल असं सांगितलं. "आजी, तुमचं आणि हिचं दुखणं एक नाही. तुमचं वापरानं वाढतं, बसलं की उतरतं. हिचं बसून आखडतं, हललं की सुटतं. तुमचं दहा मिनिटं, हिचं तीन तास. हा आमवात. राखणीला ठेवलेलं कुत्रं उलटून घरच्याच माणसाला चावावं, तसं अंगातली राखण करणारी ताकद हिच्याच सांध्यांना चावतीय."

"पन मग रिपोर्ट?" रोहिणीनं विचारलं.

"शंभरातल्या वीस-तीस जणांच्या रक्तात त्याची खूण सापडतच नाही. त्याला सेरोनिगेटिव्ह म्हणतात. खूण नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे. हातांची सोनोग्राफी करू, सूज किती ते रक्तातून बघू. पण मला विचाराल तर तुमच्या डेअरीनं निदान आधीच करून ठेवलंय."

सोनोग्राफीत सूज लख्ख दिसली. रोहिणी बाहेरच्या बाकावर बसली आणि तिला हसू फुटलं. मोठा आजार निघाला म्हणून आनंद होणारी जगात ती एकटीच असेल. पण आपण खोटं बोलत नव्हतो हे कागदावर आलं होतं, आणि ते सुख इतकं मोठं होतं की तिला कडूबाईच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. तिनं ठेवलंही.

सांध्यांच्या बाबतीत कोणी आपल्या वरचढ निघेल हे कडूबाईला पचायला जड जात होतं. शेवटी बोलली, "म्हंजी माजी गोळी फुकटच खाल्लीस की गं."

औषध मोठं विचित्र होतं. मुख्य गोळी आठवड्यातून एकच दिवस. रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं. बाकी दिवस दुसऱ्या बारीक गोळ्या, ठरल्या वेळी रक्त तपासायचं, आणि गुण यायला दोन-अडीच महिने. कडूबाईनं कॅलेंडरवरच्या प्रत्येक रविवारी कुंकवाचं बोट लावलं आणि डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. मोठी गोळी रविवारखेरीज कुठल्याही दिवशी तिच्याकडून निघणं शक्य नव्हतं.

पण अडीच महिने सकाळची धार काढणार कोण? तर उत्तर घरातच बसलेलं होतं. रोहिणीचे हात सकाळी लाकूड. कडूबाईचे गुडघे सकाळी ताजे, हात तर चांगलेच. अडचण एकच, कडूबाईला खाली बसता येत नव्हतं.

"मग गाय वर घ्या," रोहिणी कानिफनाथला म्हणाली.

"काय?"

"आत्या खाली बसू शकत न्हाईत ना? मग मैनेला ओट्यावर उभी करू. आत्या खुर्चीत बसून काढतील धार."

कानिफनाथनं तिच्याकडे असं बघितलं की आजार हातातून डोक्यात गेला की काय. पण आईच्या तोंडून तो नगरचं सगळं ऐकून होता, आणि आपण बायकोला सहा महिने काय काय बोललो तेही त्याला आठवत होतं. त्यानं दोन दिवसांत दगड-मुरुमाचा गुडघाभर ओटा घातला, चढायला उतार केला, उतारावर गोणपाट टाकलं. मैना पहिल्या दिवशी नाटकं करून, दुसऱ्या दिवशी सरकीच्या पेंडीच्या लालचीनं आणि तिसऱ्या दिवशी आपल्या हक्काची जागा असल्यासारखी वर चढली. गावानं टिंगल करायची ती केलीच. "कानिफाची गाय स्टेजवर चढली, आता भाषान करनार," असं पारावर चालायचं. खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत कडूबाई, वर मैना, आणि शेजारी गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे बोटं उघडझाप करत बसलेली रोहिणी. सकाळी सासू, संध्याकाळी सून. दोघी मिळून एक धड गवळण होत होती.

तरी कानिफनाथनं व्यापाऱ्याला नको म्हणून सांगितलं नव्हतं. "आईच्यानं किती दिस व्हनार?" तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. पाच-साडेपाच लिटरला कडूबाईचे दंड भरून यायचे.

"दिवाळीपोतर थांबा," रोहिणी म्हणाली. "सुनील आला की सकाळची धार मी एकटीनं काढीन. न्हाई जमली तर न्या मैनेला. मी दावं सोडून देईन."

बोलून गेली खरी, पण गुण येईना. पहिला महिना कोरडा गेला. रविवारची गोळी घेतली की सोमवार मळमळीत जायचा. नवरात्रात शेजारणीनं डोक्यात घातलं की असली गरम औषधं उपासात घेऊ नयेत, आणि हिनं त्या रविवारी कडूबाईनं हातावर ठेवलेली गोळी गुपचूप डब्यात परत टाकली, घेतली म्हणून सांगितलं. जरा कुठं उतरायला लागलेली मनगटं दहा दिवसांत पुन्हा पुरीसारखी फुगली. कडूबाईनं डब्यातल्या गोळ्या मोजल्या, एक जादा निघाली, आणि त्या दिवशी तिनं सुनेला असं फैलावर घेतलं की मैनेनंसुद्धा कान टवकारले. "माजं गुडघं झिजलं ते भरून येनार न्हाई. तुजं औशिदानं आवरतंय तर तू उपास करतीस व्हय गं?" त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी रोहिणीनं केसांना रबर लावलं आणि पाणी तापवायला गेली. चुलीपाशी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज वेणी घालताना बोटं मध्ये थांबली नाहीत.

सुनील व्यापारी दिवाळीनंतरच्या आठवड्यात आला, आणि आला तो संध्याकाळी. गाय घेणाऱ्यांची रीतच तशी. विकणारा कासेत दूध तुंबवून गाय दाखवेल म्हणून ते आदल्या संध्याकाळी येतात, डोळ्यांदेखत कास रिकामी करून घेतात, मुक्काम ठोकतात आणि सकाळची धार मोजून भाव बोलतात. सकाळचं दूध खरं, बाकी सगळ्या गप्पा. रोहिणीनं संध्याकाळी मैनेची कास शेवटच्या थेंबापर्यंत मोकळी करून दाखवली. सुनीलनं सडं दाबून खात्री केली. कानिफनाथनं त्या दिवसापुरती दुसऱ्याच्या टेम्पोत फुलं घातली आणि घरी थांबला.

पहाटे पाचला ती उठली. अंथरुणातच तिनं डोळे मिटून उजवी मूठ आवळली. नखं तळव्याला लागली. डावी आवळली. करंगळी जरा अडली, मग तीही आली. आखड होती, नाही असं नाही, पण ती आता पाव तासाची पाहुणी होती. तिनं घमेल्यात हात शेकले, उघडझाप केली, आणि गोठ्यात आली तर खुर्चीत कडूबाई आधीच बसलेली.

"आत्या, उठा. आज माजी पाळी."

कडूबाई उठली. काठीवर भार देऊन बाजूला उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा सांध्यांवर एक शब्द बोलली नाही.

रोहिणीनं कास धुतली, पुसली, बादली लावली. पहिली धार बादलीच्या बुडावर खणखणीत वाजली. मग दुसरी. दोन्ही मुठी एकाआड एक मिटत होत्या, पुऱ्या मिटत होत्या. मैनेनं मान वळवून एकदा बघितलं. हे हात तिला ओळखीचे होते, सकाळच्या वेळी भेटून मात्र जमाना झाला होता. तिनं पान्हा सोडला तो असा की बादलीत फेस वर यायला लागला. बोटं मध्ये दुखली. रोहिणीनं थांबून हात झटकले, पुन्हा धरले. कानिफनाथ दाराशी उभा होता आणि बादलीकडे बघायचं सोडून तिच्या मुठींकडेच बघत होता. शेवटची चिरीक ओढून ती उठली.

सुनीलनं मापानं मोजलं. "आठ लिटर दोनशे," तो म्हणाला आणि लगेच व्यापारी झाला. "कानिफनाथ, बाजारभावापेक्षा चार हजार वर देतो. आत्ताच गाडी बोलावतो."

कानिफनाथनं बायकोकडे बघितलं. हसला. "माजी न्हाई गाय. जिची हाय तिला इचारा."

"दाखवायला काढली धार," रोहिणी म्हणाली. "इकायला न्हाई. च्या घ्या आन् जावा."

सुनील चहा प्यायला, दोनदा भाव वाढवून बघितला, आणि जाताना ओट्याची लांबी-रुंदी तेवढी विचारून गेला.

सव्वासहाला रोहिणी डेअरीत पोचली. किटली तिनं कोपरात नाही, हातात धरून आणली होती आणि स्वतः काट्यावर ठेवली. आकडा आला. गोरक्षनाथनं काट्याकडे बघितलं, काटा हातानं थोपटला, पुन्हा बघितलं. काल संध्याकाळचे साडेसहा. आज सकाळचे आठ दोनशे. रांगेतल्या बाया पुढे वाकल्या.

त्यानं स्लिप फाडली आणि सवयीनं किटलीच्या झाकणाखाली खोचायला गेला. रोहिणीनं हात पुढे केला. दोन बोटांच्या चिमटीत तिनं तो पातळ कागद धरला, आणि तो हलला नाही.

गोरक्षनाथच्या तोंडात नेहमीचा प्रश्न होता, तोच बाहेर पडला, पण या वेळी खरोखरच विचारल्यासारखा. "वहिनी, गेल्तं कुठं इतके दिस सकाळचं दूध?"

"कुठं गेलं न्हवतं, भाऊजी," रोहिणी म्हणाली. "हितं बोटांत अडकलं हुतं. सुटलं आता."